येशूचं हृदय आणि असिसीचा फ्रान्सिस : भाल्याच्या जखमेतून आत

उत्तरवसई (धागालेखक)

पवित्र हृदयाच्या भक्तीचा विषय निघाला की गोष्ट बहुतेक वेळा फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियालपासून सुरू होते. तिथल्या मठात 1673 ते 1675 या काळात मार्गारेट मेरी आलाकोक या सिस्टरला दर्शनं झाली, क्लोद द ला कोलोंबिएर या जेज्विट फादरांनी तिला आधार दिला, आणि पुढे पहिल्या शुक्रवारची मिस्सा, पवित्र तास, घरोघरच्या तसबिरी हे सगळं आलं. ते खरंच आहे. पण त्याच्या चारशे-साडेचारशे वर्षं आधी इटलीतल्या डोंगराळ भागात फ्रान्सिस्कन मंडळी, म्हणजे असिसीचा संत फ्रान्सिस आणि त्याच्या संघातले लोक, ही भक्ती आपल्या पद्धतीने जगत होती. त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात असं : फ्रान्सिस्कन माणूस येशूच्या हृदयाकडे जातो तो कुशीतल्या भाल्याच्या जखमेतून, आणि आत शिरून राहण्यासाठीच जातो. बाकी सगळं त्यातून येतं.

सुरुवात सान दामियानोला झाली. 1205 च्या सुमारास असिसीबाहेरच्या त्या पडक्या चर्चमध्ये फ्रान्सिस एका रंगवलेल्या क्रुसापुढे गुडघे टेकून होता. तो क्रूस आज असिसीतच, सांता क्लारा बासिलिकेत आहे. लाकडावर कापड चिकटवून रंगवलेला, साधारण दोन मीटर उंच. त्यावरच्या येशूचे डोळे टक्क उघडे आहेत, चेहऱ्यावर यातना नाहीत. उजव्या कुशीतून मात्र रक्त वाहतंय. त्या क्रुसापुढची फ्रान्सिसची प्रार्थना आजही म्हटली जाते, आणि तिच्यातलं पहिलंच मागणं आहे : हे परात्पर, वैभवशाली देवा, माझ्या हृदयातला काळोख उजळून टाक. त्या क्रुसावरून त्याला ऐकू आलेली ‘जा, माझं घर दुरुस्त कर’ ही हाक सगळ्यांना ठाऊक असते. फ्रान्सिसचा चरित्रकार चेलानोचा थॉमस दुसऱ्या चरित्रात जे पुढे सांगतो ते मला जास्त मोलाचं वाटतं. तो म्हणतो, त्या घटकेपासून क्रुसावरच्या येशूची कणव फ्रान्सिसच्या आत रुतली. देहावर येशूच्या जखमांच्या खुणा उमटायच्या कितीतरी आधी त्या हृदयावर उमटल्या होत्या.

देहावर त्या उमटल्या 1224 च्या सप्टेंबरात, ला व्हेर्नाच्या डोंगरावर. हातापायांच्या खुणा लपवणं अवघड. कुशीतली जखम मात्र त्याने होईल तेवढी झाकून ठेवली. त्याच्या हयातीत ब्रदर एलियासने ती पाहिली आणि ब्रदर रुफिनोचा हात एकदा तिला लागला, एवढंच.

त्याच डोंगरावर, त्याच दिवसांत, त्याने आपला सोबती ब्रदर लिओला चामड्याच्या एका लहानशा तुकड्यावर स्वतःच्या हाताने देवाची स्तुती लिहून दिली. मागच्या बाजूला लिओसाठी आशीर्वाद आहे. लिओने त्या तुकड्याची घडी घालून तो मरेपर्यंत अंगावर बाळगला आणि हे कधी, कसं लिहिलं गेलं ते त्यावरच लाल शाईत नोंदवून ठेवलं. तुकडा असिसीत जपलेला आहे. घड्यांच्या रेघांपाशी अक्षरं पुसट झालीत. ‘तू प्रेम आहेस. तू ज्ञान आहेस. तू नम्रता आहेस. तू धीर आहेस.’ ओळीमागून ओळ ‘तू’, ‘तू’, ‘तू’. अंगावर ताज्या जखमा असलेल्या माणसाने लिहिलंय हे, आणि त्यात स्वतःच्या दुखण्याचा एक शब्द नाही. येशूच्या हृदयात शिरलेला माणूस कसा बोलतो ते पाहायचं असेल तर हा तुकडा पाहावा.

या अनुभवाला धर्मशास्त्राची भाषा दिली ती संत बोनाव्हेंतुराने. 1257 मध्ये तो फ्रान्सिस्कन संघाचा प्रमुख झाला आणि 1259 मध्ये मुद्दाम ला व्हेर्नावर जाऊन राहिला. ‘गूढ द्राक्षवेल’ या त्याच्या ग्रंथात तिसरं प्रकरण येशूच्या हृदयावर आहे. तिथे तो म्हणतो की तुझी कूस भोसकली गेली ती आम्हाला आत यायला वाट मिळावी म्हणून. देहाची दिसणारी जखम पाहून प्रेमाची न दिसणारी जखम आम्हाला दिसावी म्हणून. आणि पुढे एक धिटाईचं वाक्य : ख्रिस्त माझं मस्तक आहे, मग मस्तकाचं जे आहे ते माझं कसं नाही? म्हणजे येशूचं हृदय माझंही हृदय आहे.

‘जीवनवृक्ष’ या दुसऱ्या ग्रंथातला त्याचा उतारा तर पवित्र हृदयाच्या सणाला चर्चच्या दैनिक प्रार्थनेत आजही वाचला जातो. ऊठ, कड्याच्या कपारीत घरटं करणाऱ्या कबुतरासारखा हो, घर सापडलेल्या चिमणीसारखा तिथे जागत राहा, त्या झऱ्याला ओठ लाव. हाच तो झरा, एदेन बागेच्या मध्यातून निघालेला, चार नद्या होऊन साऱ्या पृथ्वीला भिजवणारा.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः गोवा आणि वसईकडच्यांनी लिहावं.


रेवा_सदाशिव

फार सुंदर लिहिलंय. मी ख्रिस्ती नाही, पण शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ती तसबीर रोज डोळ्यांपुढे होती. काट्यांचा वेढा, वरच्या ज्वाळा, बाजूची चीर. लहानपणी भीती वाटायची तिची. ती चीर म्हणजे भाल्याची जखम हे आज कळलं.

एक विचारते. भाला मारला तो येशू मेल्यावर ना? मग त्या जखमेला एवढं महत्त्व का? वेदना तर तिची झालीच नाही.


उत्तरवसई

रेवाताई, प्रश्न अगदी मर्माचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (19:34) तसंच आहे. येशू आधीच मेला होता म्हणून शिपायांनी त्याचे पाय मोडले नाहीत. एकाने कुशीत भाला खुपसला आणि लगेच रक्त व पाणी बाहेर आलं.

म्हणूनच ती जखम वेगळी. बाकीच्या जखमा सोसलेल्या आहेत, ही मागे राहिलेली उघडी वाट आहे. द्यायचं काही उरलं नव्हतं तेव्हाही त्याच्यातून वाहिलं, असं भक्त वाचतात. चर्चच्या आचार्यांनी पाण्यात बाप्तिस्मा पाहिला, रक्तात मिस्साबली. बोनाव्हेंतुरा म्हणतो, झोपलेल्या आदामाच्या कुशीतून हव्वा घडवली गेली तशी क्रुसावर मृत्यूच्या झोपेत असलेल्या ख्रिस्ताच्या कुशीतून चर्च घडलं.


जुनी_पोथी

लेख आवडला, पण श्रेय वाटताना हात आखडता घ्यायला हवा. क्लेर्व्होचा बर्नार्ड 1153 मध्ये वारला, म्हणजे फ्रान्सिसच्या जन्माच्या आधी. देहाच्या भोकांतून हृदयाचं गुपित उघडं पडलंय, हे त्याने बायबलमधल्या शलमोनाच्या गीतावरच्या प्रवचनात म्हणून ठेवलंय. ‘गूढ द्राक्षवेल’सुद्धा कित्येक शतकं बर्नार्डच्याच नावावर होती. शिवाय जर्मनीत हेल्फ्टाच्या मठातल्या गर्ट्रूड आणि मेक्टिल्ड यांनी तेराव्या शतकातच येशूच्या हृदयाबद्दल जे लिहिलंय ते बोनाव्हेंतुरापेक्षा स्पष्ट आहे. आणि फ्रान्सिसच्या स्वतःच्या लिखाणात ‘येशूचं पवित्र हृदय’ अशी भक्ती नावानिशी कुठे आहे?


उत्तरवसई

नावानिशी नाहीच, आणि बर्नार्डचं ऋण बोनाव्हेंतुराच्या पानापानावर दिसतं. पहिला मान फ्रान्सिस्कनांना द्यावा असा माझा आग्रह नाही.

फरक मला जागेचा वाटतो. बर्नार्ड आणि हेल्फ्टाच्या भगिनी मठाच्या भिंतींआड, गायनाच्या तासांमध्ये हे अनुभवत होत्या. फ्रान्सिस्कनांनी ते रस्त्यावर आणलं, बाजारात, कुष्ठरोग्यांच्या वस्तीत. फ्रान्सिसने मृत्युपत्रात आपल्या पालटाची सुरुवात क्रुसापासून सांगितलेली नाही, कुष्ठरोग्यांपासून सांगितली आहे : प्रभूनेच मला त्यांच्यात नेलं, मी त्यांच्यावर दया केली, आणि जे कडू वाटत होतं ते जिवाला आणि देहाला गोड झालं. सियेनाचा फ्रान्सिस्कन बर्नर्दिनो पंधराव्या शतकात इटलीच्या चौकाचौकांत येशूनामाची पाटी उंच धरून प्रवचन करायचा, आणि येशूचं हृदय म्हणजे जग पेटवायला निघालेली प्रेमाची भट्टी असं सांगायचा. ऐकणारे विणकर, कसाई, बाजाराला आलेल्या बाया.

आणि खुद्द मार्गारेट मेरीचा दुवा आहेच. 4 ऑक्टोबरला, फ्रान्सिसच्या सणादिवशी, तिला प्रार्थनेत तो तेजाने वेढलेला दिसला. दुःख सोसणाऱ्या ख्रिस्ताशी त्याचं जीवन इतकं एकरूप झालं होतं की तो या हृदयाच्या फार जवळचा आहे असं तिला सांगितलं गेलं, आणि तिचा वाटाड्या म्हणून त्याला नेमून दिलं, असं तिनेच लिहून ठेवलंय.


जुनी_पोथी

जागेचा मुद्दा पटला.


आंबेमोहर

वाचतेय. आंजेलाचं नाव अजून कसं आलं नाही?

फोलिन्यो हे असिसीजवळचं गाव. आंजेला तिथली, जन्म 1248 च्या सुमाराचा. लग्न झालेली, मुलंबाळं असलेली, ऐषारामात राहिलेली बाई. आई, नवरा, मुलं सगळे थोड्याच काळात गेले. मग तिने होतं नव्हतं ते विकून टाकलं आणि फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात गेली. घरसंसारातल्या लोकांसाठीचा तो संघ.

असिसीच्या यात्रेत बासिलिकेत तिला खिडकीतलं एक रंगीत काचचित्र दिसलं. ख्रिस्ताने फ्रान्सिसला छातीशी धरलंय असं. तिला आतून ऐकू आलं : असंच मी तुला धरीन, याहूनही जवळ. ती जाणीव ओसरायला लागली तशी ती बासिलिकेच्या दारातच सगळ्यांदेखत मोठमोठ्याने किंचाळत पडली. तिचा नातलग असलेला एक फ्रान्सिस्कन फादर तिथे होता. त्याला इतकी लाज वाटली की तो लांब उभा राहिला आणि पुन्हा असिसीत पाऊल ठेवू नकोस म्हणाला.

पुढे तोच तिचा लेखनिक झाला. ती उंब्रियाच्या बोलीत सांगायची, तो घाईघाईने लॅटिनमध्ये उतरवायचा आणि तिला वाचून दाखवायचा. ती म्हणायची, हे कोरडं आहे, याला चव नाही. मी सांगितलं त्याची आठवण होते, पण ते यात नाही. मला ती दोघं दिसतात अगदी : तो कागदावर वाकलेला, ती मान हलवतेय. त्याने खोडलं नाही, तिची तक्रारसुद्धा लिहून ठेवली. त्याचे उपकार आहेत आपल्यावर.

त्याच ग्रंथात येशू तिला म्हणतो, तुझं तोंड माझ्या कुशीच्या जखमेला लाव. ती पिते आणि तिला कळतं की आपण धुतले जातोय. बोनाव्हेंतुराने लिहिलेलं ‘झऱ्याला ओठ लाव’ इथे एका बाईने खरंच केलं. आणि तिला ऐकू आलेलं ते दुसरं वाक्य : ‘मी तुझ्यावर थट्टेने प्रेम केलं नाही.’ हे ऐकून तिला आनंद झाला नाही, जिव्हारी लागलं; कारण आपलं प्रेम तसंच वरवरचं होतं असं तिला दिसलं. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये तिला संत म्हणून घोषित केलं.


रेवा_सदाशिव

आंबेमोहर, अंगावर काटा आला. ‘मी तुझ्यावर थट्टेने प्रेम केलं नाही.’ हे लिहून ठेवलंय वहीत.


मांडवीकाठ

गोव्याहून. ख्रिस्त आणि फ्रान्सिस एकमेकांना बिलगलेले, ही कल्पना सगळ्या फ्रान्सिस्कन कलेत आहे. मुरिल्योचं सेव्हिलमधलं चित्र सगळ्यांत गाजलेलं : क्रुसावरचा येशू एक हात खिळ्यातून सोडवून फ्रान्सिसच्या खांद्यावर टाकतो, आणि फ्रान्सिसच्या पायाखाली पृथ्वीचा गोल लोटलेला.

आपल्याकडे जुन्या गोव्यात असिसीच्या फ्रान्सिसचं चर्च आहे. लोक बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी बघून परत फिरतात, रस्ता ओलांडून इकडे येत नाहीत. फ्रान्सिस्कन गोव्यात 1517 मध्ये स्थिरावले. आत्ताची इमारत 1661 ची. मुख्य वेदीवर क्रुसावरचा येशू आणि फ्रान्सिस यांच्या मोठ्या, जवळजवळ एकाच मापाच्या मूर्ती आहेत. खाली तीन व्रतं कोरलीत : दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. उत्तरवसईंनी दिलेली लिओच्या तुकड्यावरची ओळ वाचताना तीच आठवली. ‘तू नम्रता आहेस’ हे देवाला म्हटलेलं, आणि तीच नम्रता इथे व्रत झाली.

1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने संघ बंद केल्यावर फ्रान्सिस्कनांना हे सगळं सोडून जावं लागलं. मठात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. पुढच्या वेळी आलात तर वेदीपुढे दहा मिनिटं बसाच.


सह्यकडा

विरोधी सूर लावतो, राग नसावा. एवढं रक्त, जखमा, पिणं, किंचाळणं. यात दुःखाचंच कौतुक होत नाही का? आणि मूळ विचार असा ना की माणसाने पाप केलं, देव रागावला, मग कोणाला तरी भाला खावा लागला? असल्या देवाच्या हृदयात शिरायला मला धजवणार नाही.


उत्तरवसई

राग कसला. या प्रश्नाला फ्रान्सिस्कनांनीच फार मोठं उत्तर दिलंय.

जॉन डन्स स्कोटस हा फ्रान्सिस्कन धर्मपंडित 1308 मध्ये कोलोनला वारला. त्याचं म्हणणं होतं की माणसाने पाप केलं नसतं तरी देवपुत्र माणूस झाला असता. देवाला आपल्या बाहेर असा कोणी हवा होता जो त्याच्यावर पूर्णपणे प्रेम करील. तो म्हणजे ख्रिस्त, आणि सृष्टी त्याच्यासाठी योजलेली. म्हणजे सगळ्यांत आधी प्रेम. पाप नंतर आलं, आणि त्या प्रेमाला क्रुसाचं रूप घ्यावं लागलं ते आपण जगाचं जे करून ठेवलं त्यामुळे. रागावलेल्या देवाची समजूत काढण्याचा हिशोब या विचारात पायाशी नाहीच. म्हणून फ्रान्सिस्कनाला भाला दिसतो तेव्हा त्याला शिक्षा दिसत नाही; भोसकल्यावरही मिटून न घेणारं प्रेम दिसतं.

दुःखाच्या कौतुकाबद्दल : काही उत्तरकालीन पुस्तकांत ते झालंय, आणि ते मला अजिबात रुचत नाही. पण कसोटी सोपी आहे. जखम बघून माणूस कुठे जातो? फ्रान्सिस कुष्ठरोग्यांकडे गेला. आंजेला आपल्या सखीबरोबर पवित्र गुरुवारी फोलिन्योच्या इस्पितळात गेली, डोक्यावरची वस्त्रं विकून तिथल्या रोग्यांना खाऊ घातलं, त्यांचे सडलेले हातपाय धुतले. ख्रिस्ताला शोधायला निघालो, असं त्या म्हणाल्या होत्या.


आंबेमोहर

सह्यकडा, यात आणखी एक नाव घाला : कामेरिनोची कामिल्ला बत्तिस्ता वरानो. राजघराण्यातली मुलगी, क्लारा संघात, म्हणजे फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या संघात गेली. 1488 मध्ये तिने येशूच्या मनोवेदनांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तिला खिळे, चाबूक यांत रस नाही. मित्र पळून जाणार हे ठाऊक असताना काय वाटलं, आईकडे पाहताना काय वाटलं, दगा देणाऱ्या यहूदाचे पाय धुताना काय वाटलं, हे ती लिहिते. यहूदाचे पाय! शिव्या मोजण्याऐवजी ती त्या पायांपाशी थांबते. हृदयाच्या भक्तीचा याहून खोल अर्थ मी तरी वाचलेला नाही. 1502 मध्ये चेझारे बोर्जाने तिच्या वडिलांना आणि भावांना मारवलं, आणि ती मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करत राहिली. हे पुस्तकी नव्हतं तिचं.


सह्यकडा

यहूदाच्या पायांचं वाचून थांबलो. स्कोटसबद्दल आणखी लिहा, तो भाग मला नवीन आहे. बाकी शंका राखून ठेवतो.


गासची_वाट

वसईकर म्हणून माझी भर. आपला संत गोन्सालो गार्सिया.

वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेज्विटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेला, भाषा आत्मसात केली, काही काळ व्यापार केला आणि शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. 1593 मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या फादरांबरोबर दुभाष्या म्हणून परत जपानला. या फ्रान्सिस्कनांनी क्योतोत काय केलं? कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळं काढली. वर उत्तरवसईंनी सांगितलेली कसोटी इथे लावून बघा.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने पकडले गेले. डाव्या कानाचा तुकडा कापून गावोगाव फिरवलं, मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर चढवलं : सहा फ्रान्सिस्कन, तीन जेज्विट, बाकी सतरा जपानी प्रापंचिक, त्यांत लहान मुलंही. जपानात क्रुसावर खिळे ठोकत नसत; माणसाला बांधत आणि दोन्ही बाजूंनी कुशीत भाले घुसवत. म्हणजे आमच्या वसईच्या माणसाच्या कुशीलाही भालाच लागला. 1862 मध्ये पायस नववे यांनी या सगळ्यांना संत घोषित केलं.

गासला त्याच्या नावाचं चर्च आहे. सणाला गर्दी होते, पण तो फ्रान्सिस्कन होता, आणि फ्रान्सिस्कन म्हणजे काय, हे पोरांना कोणी सांगत नाही. प्रवचनांत ‘भारताचा पहिला संत’ एवढ्यावर गाडी थांबते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. किल्ल्यातल्या पडक्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये आपण फोटो काढून येतो. तिथे कोणती माणसं राहत होती, कशावर ध्यान करत होती, हे मुलांना तिथेच उभं करून सांगायला हवं.


उत्तरवसई

गासची वाट, तुमचा प्रतिसाद हाच खरा लेख आहे. या वर्षी फ्रान्सिसच्या मृत्यूला 800 वर्षं होतायत (3 ऑक्टोबर 1226), त्या निमित्ताने धर्मशिक्षणाच्या वर्गांत एवढं तरी व्हावं.


नवखा_वाचक

धागा जपून ठेवला. एक साधा प्रश्न : मला हे करून बघायचं असेल तर सुरुवात कुठून? उजव्या कुशीचंही कोणीतरी सांगा. हृदय तर डावीकडे असतं ना?


जुनी_पोथी

उजव्या कुशीचं मी सांगतो. योहान कोणती बाजू ते लिहीत नाही. परंपरेने उजवी धरली ती बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्यामुळे. त्याच्या ग्रंथाच्या 47 व्या अध्यायात मंदिराच्या उजव्या बाजूने पाणी निघतं, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग पोहून जाण्याइतकं; आणि ते जिथे जाईल तिथे सगळं जिवंत होतं. ईस्टरच्या काळात पवित्र पाणी शिंपडताना लॅटिनमध्ये तेच गातात. येशूने आपल्या देहाला मंदिर म्हटलं होतं, म्हणून मंदिराची उजवी बाजू ती त्याची उजवी कूस. सान दामियानोच्या चित्रकाराला हे ठाऊक होतं.


उत्तरवसई

वा, हे फार छान सांगितलंत.

नवखा_वाचक, सुरुवातीला शुक्रवारी योहान 19:31 ते 37 सावकाश वाचा. रक्त व पाणी आलं तिथे थांबा, पुढे जायची घाई करू नका. मग बोनाव्हेंतुराला ला व्हेर्नावर सुचलेल्या ‘मनाचा देवाकडे प्रवास’ या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण, दोनच पानं आहेत. हे कसं घडतं ते जाणायचं असेल तर विद्येला विचारू नकोस, कृपेला विचार. बुद्धीला नको, आतल्या ओढीला विचार. उजेडाला नको, अग्नीला विचार, असं तो तिथे म्हणतो. पोप फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये येशूच्या हृदयावर जे परिपत्रक काढलं त्यातही बोनाव्हेंतुराची हीच ओळ घेतली आहे. आणि त्याच आठवड्यात कोणातरी आजारी माणसाला भेटून या; त्याशिवाय हे फ्रान्सिस्कन होणार नाही.

यंदा पवित्र हृदयाचा सण 12 जूनला, शुक्रवारी आहे. ‘गूढ द्राक्षवेल’च्या तिसऱ्या प्रकरणाचा मराठी अनुवाद मी करायला घेतलाय. सणाआधी वेगळा धागा काढून टाकतो. जुनी_पोथी, लॅटिन तपासून द्याल का?


जुनी_पोथी

देतो. कच्चा खर्डा पाठवा, परिच्छेदांना क्रमांक घालून.